फेरवजन

डावा काठ, वजनकाटा कार्यालय
४ जून

मेहुणे, नमस्कार.

संघाच्या मासिकाचा रौप्यमहोत्सवी अंक काल आमच्याकडे आला. शिपायाने तो उघडाच आणून माझ्या टेबलावर ठेवला, पान सतरा. "साहेब, तुमचे मेहुणे!" म्हणाला. जणू त्याने सांगितलं नसतं तर मला ओळख पटली नसती. फोटो चांगला आलाय. चष्मा काढलात ते बरं केलंत, चार वर्षांनी तरुण दिसता. खाली छापलंय, 'एक पावती पद्धतीचे जनक'.

अभिनंदन.

लेख तीनदा वाचला. त्यात अकरा चुका आहेत. सगळ्या लिहीत बसत नाही, चार सांगतो. पुलाची लांबी सहाशे बारा मीटर आहे, सहाशे नाही. दुसरं, त्या काळी आपल्या दोन काट्यांत 'थोडाफार' फरक पडत नसे, साठ ते नव्वद किलोंचा पडत असे. प्रत्येक ट्रक आधी तुमच्याकडे तोलायचा, पूल ओलांडून परत माझ्याकडे तोलायचा, आणि आकडे जुळले नाहीत की तो दोन-दोन दिवस पुलावर उभा. तुमच्याकडचे म्हणत आमचा काटा खोटा, आमच्याकडचे म्हणत तुमचा. तिसरं, आपण काम सुरू केलं ते अकरा मार्चला. लेखात एप्रिल आहे.

चौथी चूक मात्र मला गिळता येत नाही. 'एका संध्याकाळी पुलावरून चालताना त्यांना ही कल्पना सुचली.'

पुलावरून चालताना? मेहुणे, ती गोष्ट माझ्या खोलीत झाली, स्टोव्हवर चहा उकळत असताना. मी म्हणालो, "माणूस स्वतःचा काटा स्वतःच लावतोय तोवर समोरचा त्याला चोरच म्हणणार. तुम्ही माझा काटा लावा, मी तुमचा लावतो." तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "वेडे आहात का?" त्या दिवशीची वही माझ्याकडे आहे.

वीस-वीस किलोंची पन्नास लोखंडी वजनं. हातगाडीवर चार खेपा. दर महिन्याच्या एक तारखेला ती ठेवून आकडा बरोबर करायला मी तुमच्या काट्यावर, तुम्ही माझ्या काट्यावर. आठ महिन्यांनी फरक दहा किलोंच्या आत आला आणि आपण दोघांनी ठरवलं की ट्रक निघतो तिथेच एकदा तोलायचा आणि ती पावती पलीकडे चालवायची. ते बघायला आधी अधिकारी आले, मग मंत्री आले, मग नदीच्या वरच्या अंगाच्या देशाने विचारलं की हे आम्हालाही जमेल का. दोन वर्षांत पाच देशांचा संघ उभा राहिला, आणि कराराचं पहिलं कलम काय, तर आपली पावती. मी आठवी शिकलेला माणूस. पुस्तकं मागवून, काट्याखालच्या खड्ड्यात उतरून, हात काळे करून काटा शिकलो. तुम्ही पदविका घेऊन आलात. तरीही ते वाक्य माझं होतं.

तुम्ही वजनं घेऊन आलात आणि जाताना माझी बहीण घेऊन गेलात, ते मी हसून सोडून दिलं. पण आता वाक्यही?

इकडे ठीक. पूल उतरल्याबरोबर, माझ्या काट्याच्या दोनशे मीटर आधी नवा डिझेल पंप सुरू झालाय. ड्रायव्हर खूश आहेत, मी नाही, वळणावर गर्दी होते. बेबीला आशीर्वाद.

दादा


उजवा काठ
९ जून

दादा,

अकरा चुका! मला दोनच सापडल्या होत्या, त्यातली एक माझं वय.

त्या पत्रकार बाईंना मी तुमच्याबद्दल वीस मिनिटं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते कुठे आहेत?" मी म्हटलं, पलीकडे. त्या म्हणाल्या, "मग फोटो तुमचाच काढते, माझी गाडी चारला आहे." इतकीच त्यामागची कारस्थानं. छापलेलं मीही अंक आल्यावरच वाचलं.

आता वाक्याचं. मला आठवतं त्याप्रमाणे स्टोव्ह तुमचा, चहा तुमचा, साखर कमी घातली होती ती चूकही तुमची, पण वाक्य माझं. "वेडे आहात का" तुम्ही म्हणालात. आता सत्तावीस वर्षांनी कुणाच्या तोंडून काय निघालं याची साक्ष कोण देणार? तुमची वही आहे म्हणता. पण दादा, ती वही लिहिली कुणी?

रागावू नका, चेष्टा करतोय. बेबी इथे डोळे वटारून उभी आहे.

मुख्यालयाने मला पंधरा जुलैला भाषणाला बोलावलंय आणि मोजमाप समितीवरही घेतलंय. तुम्ही बरोबर चला. पाहुण्यांच्या खोलीत दोन खाटा आहेत आणि तुमच्या घोरण्याची मला सवय आहे. भाषणात तुमचं नाव घेणारच आहे, तुम्ही समोर बसलेले असलात तर जास्त रंगेल. समितीत काही गोष्टी ठरायच्या आहेत, त्याबद्दल आत्ता लिहिता येत नाही.

एक तारखेला तुम्ही लावून दिलेला काटा असा बसलाय की हेवा वाटावा. मुख्यालयाचा हुकूम येऊन तीन वर्षं झाली, की काटे फक्त त्यांचा तंत्रज्ञ लावेल. तो सहा महिन्यांतून एकदा येतो, चहा पितो, सही करतो. आपण आपले पहाटे सहाला वजनं घेऊन निघतो ते बरं आहे. हे पत्र मात्र कुणाला दाखवू नका.

तुमचा
मेहुणा


डावा काठ
१३ जून

मेहुणे,

वही मीच लिहिली. तुम्ही तर तीही लिहिली नाहीत.

मी येणार नाही. समोर बसून टाळ्या वाजवायला माझे हात रिकामे नाहीत. भाषणात काय सांगायचं ते मात्र सुचवतो, कारण 'जनक' माणसाने लेकराची तब्येतही सांगावी. वरच्या अंगाच्या देशाने गेल्या महिन्यापासून आपल्या पावतीवर पुन्हा स्वतःचा शिक्का मारायला सुरुवात केली आहे. चौथ्या देशात निवडणूक आहे, तिथले पुढारी सभांमधून विचारतात की दुसऱ्याच्या काट्यावर आपण विश्वास का ठेवायचा. पाचवा देश बैठकीला येतो आणि जेवून जातो. आणि मुख्यालयात नियम लिहिणाऱ्या एकानेही आजवर काट्याच्या खड्ड्यात उतरून पाहिलेलं नाही. हे सांगा. फोटो काढतील.

तुम्हाला 'लिहिता येत नाही' ते इथे सगळ्यांना माहीत आहे. दोन काटे ठेवायची गरज उरली नाही, दोन्ही दिशांचे ट्रक एकाच ठिकाणी तोलायचे, म्हणून एक काटा बंद करणार. कोणता, ते तुमची समिती ठरवणार. समितीवर तुम्ही. छान जमून आलंय.

दादा


उजवा काठ
१९ जून

दादा,

यांना तुझं पत्र आलं ते यांनी मला वाचायला दिलं नाही. शर्टाच्या खिशात ठेवून दोन दिवस फिरले. शेवटी शर्ट धुवायला टाकताना मी काढून वाचलं. तुला काय झालंय?

आठवतंय का, आई आपल्याला एक सफरचंद द्यायची. कापायचा हट्ट तुझा. दोरा लावून माप घ्यायचास, अगदी मधोमध कापायचास, आणि मग माझ्या हातातलं अर्धं बघून रडायचास की हिचं मोठं आहे. आई म्हणायची, अरे कापलंस तूच ना? तू पन्नाशीला आलास दादा. अजून माझ्या हाताकडेच बघतोयस.

आमचं लग्न ठरलं तेव्हाही तू आठ दिवस जेवला नव्हतास. बाबांना वाटलं बहीण दूर जाते म्हणून. मला माहीत होतं. तुला एकुलता एक माणूस भेटला होता ज्याच्याशी काट्याबद्दल बोलता येत होतं, आणि तो आता घरी आला की आधी मला हाक मारायचा.

हे भाषण लिहितायत. रोज रात्री जेवणं झाली की मला वाचून दाखवतात. तुझं नाव इतक्या वेळा येतं की मी म्हटलं, थोडं कमी करा, लोकांना वाटेल उधारी आहे.

काट्याचं म्हणशील तर समितीला यांनी काय लिहून दिलंय ते मला सांगितलंय, आणि कुणाला सांगू नकोस असंही सांगितलंय. म्हणून सांगत नाही. तू जीव जाळू नकोस, जे होईल ते बऱ्यासाठीच होईल, एवढंच माझ्याकडून.

यांना एक फोन कर. तुमच्या दोघांच्या भिंतीवर तो थेट फोन लावलाय ना, तो काय शोभेला?

बेबी


प्रत माहितीसाठी
डावा काठ, २७ जून

प्रति,
अधीक्षक, सीमा वाहतूक.

विषय : कलम चारप्रमाणे फेरवजन.

आज दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी उजव्या काठावरून आलेल्या दहा चाकी ट्रकबद्दल शंका आल्याने त्याचे येथे फेरवजन केले. मालाचा प्रकार टोमॅटो. उजव्या काठाच्या पावतीवरील वजन २४,३६० किलो. येथील वजन २४,५४० किलो. फरक १८० किलो. येथील काट्याचे शून्य वजनाआधी व नंतर तपासले, बरोबर आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत या दोन काट्यांमध्ये दहा किलोंहून अधिक फरक नोंदलेला नाही. उजव्या काठाचा काटा कमी दाखवत असल्याची शक्यता नाकारता येत नाही. पुढील निर्णय आपला.

काटाप्रमुख, डावा काठ


उजवा काठ
४ जुलै

दादा,

एकशे ऐंशी किलो?

तुमच्या अहवालाची प्रत मला आमच्या साहेबांनी दाखवली. मी हसलो. म्हटलं, टंकलेखकाने शून्य जास्त मारलं असेल, अठरा असतील. मग खाली तुमची सही बघितली. तुमच्या सहीखाली शून्य चुकत नाही.

त्याच दिवशी मी वजनं काढून काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिली. बरोबर. मधोमध ठेवली. बरोबर. रात्रभर विचार केला की मग माझी वजनंच झिजली की काय. लोखंड इतकं झिजत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं.

पूल कसा झालाय ते तुमच्या खिडकीतून दिसतच असेल. तुमच्या सरकारने आमची पावती थांबवली, तासाभरात आमच्या सरकारने तुमची थांबवली. काल संध्याकाळी मी चालत मोजले, दोनशे चौदा ट्रक. टोमॅटोचं पाणी पाटातून वाहतंय, चप्पल चिकटते. ड्रायव्हर कठड्यावर कपडे वाळत घालून बसलेत. एकाने मला विचारलं, "साहेब, तुम्ही दोघं नातेवाईक ना? मग घरातलं भांडण घरात ठेवा की." वरच्या अंगाच्या देशाने तीस तारखेला फाटक बंद केलं. चौथ्या देशातल्या पुढाऱ्याने तुमच्या अहवालाचा कागद सभेत हातात धरून दाखवला, "तरी मी सांगत होतो" म्हणून. आज मुख्यालयातून तार आली, पहिलं कलम स्थगित. पंचवीस वर्षांत प्रथमच.

शंका आली म्हणता. मग भिंतीवरचा फोन का उचलला नाहीत? मी दोन मिनिटांत सायकलवर आलो असतो. आपण दोघांनी मिळून तो ट्रक उभा-आडवा तोलला असता.

परवा चौकशी समिती येतेय. पहिला प्रश्न ठरलेला आहे, हा काटा शेवटचा कधी लावला आणि कुणी लावला. काय सांगू, दादा?

मेहुणा


डावा काठ
६ जुलै

मेहुणे,

खरं असेल ते सांगा. मी काट्यावर आकडा पाहिला आणि तो लिहिला. माझं काम तेवढंच.

इथे फार धावपळ आहे.

दादा


उजवा काठ
१२ जुलै

दादा,

काल सकाळी पूल सुरू झाला, बघितलंसच. कसा सुरू झाला ते तुला कुणी सांगितलंय की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहिते.

चौकशीत यांना विचारलं, काटा कुणी लावला. हे म्हणाले, मी. मीच लावला, तंत्रज्ञाची वाट न बघता हात घातला, मीच चुकलो आणि अहवाल आल्यावर गुपचूप बरोबर केला. सही करून दिली. घरी येऊन बूट काढताना मला सांगितलं, आज भाजी आणायला जमलं नाही, अशा सुरात.

मी आरडाओरडा केला. म्हटलं, त्या काट्याला एक जूनला कुणाचा हात लागला होता ते मला माहीत नाही का? मी डबा घेऊन आले होते तिथे! तर म्हणाले, "अगं, एका माणसाची चूक सापडली की लोक म्हणतात माणूस चुकला, आणि करार चालू राहतो. दोघं मिळून चोरून काटे लावत होते असं निघालं तर करारच खोटा ठरेल. आणि दादांची नोकरी जाईल ती वेगळीच."

यांची गेलीय. म्हणजे निलंबित आहेत, पण साहेब नजर चुकवतात त्यावरून कळतंच. समितीवरून नाव काढलं. पंधरा तारखेचं भाषण रद्द. भाषणाचे कागद कपाटात घालून ठेवलेत. मासिकवाल्यांनी फोटो परत मागवायचं तेवढं बाकी ठेवलंय.

तर आता आमच्या हातात काही नाही, दादा. बघून घे.

बेबी


डावा काठ
१५ जुलै

मेहुणे,

तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

मी तुमच्याकडे मागितलं होतं का हे? फोटो घेतलात, वाक्य घेतलंत, समिती घेतलीत. आता चूकही घेऊन टाकलीत! आणि तीही अशी हसत, बूट काढता काढता. इथे सगळे तुमचंच नाव काढतात. शिपाई म्हणतो, "माणूस मोठा, सरळ कबूल केलं." माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणतो.

ती चूक तुमची नाही. तुमच्या काट्याचीही नाही. माझी आहे, आणि कशी झाली ते नीट लिहितो, कारण उद्या तुम्ही हेही म्हणाल की ते चहा उकळताना झालं.

सत्तावीस जूनला मी मुद्दाम तुमच्या बाजूचा ट्रक थांबवला. शंका कसलीही नव्हती. बेबीने लिहिलं होतं, 'जे होईल ते बऱ्यासाठीच', आणि मी त्यावरून ठरवून टाकलं की तुम्ही माझा काटा बंद करायला सुचवलंय. मला दहा-वीस किलोंचा फरक दाखवायचा होता, निदान तुम्हाला घाम फुटेल इतका. एकशे ऐंशी आला. मी स्वतः दचकलो. शून्य तपासलं, ठीक. अहवाल लिहिला, पाकीट चिकटवलं.

पावणेपाचला त्या ट्रकचे कागद लावायला घेतले. मागे पंपाची चिठ्ठी टाचलेली होती. वेळ तीन वाजून पाच मिनिटं, डिझेल दोनशे दहा लिटर. तुमच्याकडे तोलला तेव्हा त्याची टाकी कोरडी होती. पूल उतरून तो पंपावर गेला, टाकी तोंडापर्यंत भरली आणि मग माझ्या काट्यावर आला. एका लिटरला आठशे चाळीस ग्रॅम धरा. एकशे शहात्तर किलो चारशे ग्रॅम. आपले काटे दहाच्या टप्प्याने दाखवतात, म्हणजे एकशे ऐंशी.

पंचवीस वर्षांत आपण फेरवजन केलंच नव्हतं आणि पंप सुरू होऊन महिना झाला होता. त्यामुळे आधी लक्षात आलं नाही, हे मी स्वतःला माफ करू शकतो. पण मेहुणे, आमचं टपाल पाचला निघतं. माझ्याकडे पंधरा मिनिटं होती. पाकीट टेबलावर होतं. मी चिठ्ठी खणात ठेवली आणि पाकीट शिपायाच्या हातात दिलं.

आज मुख्यालयाला सगळं लिहून कळवलंय, चिठ्ठीसकट. तुमचा काटा एक जूनला मी लावला होता हेही लिहिलंय. तुम्ही तुमचा जबाब मागे घ्या. माझी चूक मला परत करा.

दादा


उजवा काठ
२३ जुलै

दादा,

पत्र वाचलं. बेबीने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, डिझेल.

मला राग आला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा खरा राग आला, तेही तुम्हाला कळू दे. पुलावर मी त्या ड्रायव्हरांच्या शिव्या खात होतो तेव्हा चिठ्ठी तुमच्या खणात होती.

पण खरी गंमत ऐका. काल मुख्यालयातून चौकशी समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तुमच्या मेहुण्यांचं पत्र मिळालं. तुम्हाला वाचवण्यासाठी त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतलाय. इतकं मोठं मन आजकाल बघायला मिळत नाही." त्यांचा तुमच्यावर विश्वासच नाही. चिठ्ठी म्हणे कुणीही आणून टाचू शकतं.

तुम्हाला मोठेपणा हवा होता ना? घ्या, मिळाला. ठेवायचा असेल तर ठेवा. मी काही बोलणार नाही.

मेहुणा


डावा काठ
९ ऑगस्ट

मेहुणे,

ठेवला नाही. बेबीने तुम्हाला थोडंफार सांगितलंच असेल, बाकीचं मी लिहितो. काल तुम्ही काट्यापाशी उभे होतात, पण आतल्या खोलीत तुम्हाला येऊ दिलं नाही.

मी अध्यक्षबाईंना लिहिलं होतं, मोठं मन वगैरे बाजूला ठेवा, ट्रक बोलवा. तोच ट्रक, तोच ड्रायव्हर. काल तो कोरड्या टाकीने आधी तुमच्या काट्यावर घेतला, मग पंपावर न थांबवता माझ्या काट्यावर. दोन्हीकडे आकडा तोच आला, दहा किलोंचाही फरक नाही. मग सगळ्यांसमोर दोनशे दहा लिटर डिझेल भरलं आणि पुन्हा तोलला. एकशे ऐंशी जास्त. पाच देशांचे पाच अधिकारी काचेला नाक लावून आकडा बघत होते. वरच्या अंगाच्या देशाच्या साहेबाने विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

मग आत नेलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पावणेपाचला तुम्हाला कळलं होतं. मग पाठवलंत का?"

मी म्हणालो, "हेवा वाटत होता."

लेखनिकाने मान वर केली. म्हणाला, "हे कसं लिहू?" मी म्हटलं, "जसं बोललो तसं."

फाइल टेबलावर होती. मी माझी सही तपासायला पानं उलटत होतो. सहाव्या पानावर तुमचं अक्षर दिसलं. समितीला तुम्ही दोन जूनला लिहून दिलेलं, म्हणजे मासिक माझ्या टेबलावर येण्याच्या आदल्या दिवशी. 'डाव्या काठाचा काटा ठेवावा. तिथल्या माणसाचा हात माझ्या हातापेक्षा अचूक आहे.' मी ते चारदा वाचलं. चूक एकही सापडली नाही.

निकाल असा. पहिलं कलम पूर्ववत. फेरवजन यापुढे फक्त टाकीची पातळी लिहून घेतल्यावर. आपली एक तारखेची भानगड नियमभंग म्हणून नोंदवली गेली, तुम्हाला लेखी समज आणि खुर्ची परत. मला मुदतीआधी निवृत्ती. एक काटा ठेवायचा होता, तो तुमचा राहिला. दुसरं काही ठरणं शक्यच नव्हतं. खोटा अहवाल पाठवणाऱ्याचा काटा कोण ठेवील? मीही ठेवला नसता.

आज सकाळी माझ्या काट्याची जोडणी काढली. मी किल्ल्या दिल्या आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ट्रक पूल उतरून येत होते आणि वेग कमी न करता पुढे जात होते. सत्तावीस वर्षांपूर्वी आपण त्या हातगाडीमागे धापा टाकत होतो ते कशासाठी? ट्रक थांबू नये म्हणूनच ना. मग मला ते बघवत का नव्हतं, याचा विचार करत घरी आलो.

बेबी फोनवर म्हणाली, "झालं ना आता मोकळं? बरं वाटत असेल." तुमचा काटा खरा आहे हे मी पाच देशांसमोर सिद्ध करून दिलं. आयुष्यात इतकं नेमकं काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही. पण काल खिडकीतून तुम्ही काट्यापाशी उभे दिसलात, लोक येऊन तुमचा हात हातात घेत होते, आणि माझ्या पोटात दुखलं. पूर्वी दुखायचं तितकंच, गुंजभरही कमी नाही.

बेबीला मी हो म्हटलं. तुम्हाला खरा आकडा कळवतोय.

दादा